पुढारी निवडण्याची रीत

(जिल्हा शाखेच्या नव्या अध्यक्षाची निवड व्हावयाची होती, तिच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



गेली बावीस वर्षे ज्यांनी आपल्या जिल्हा शाखेची धुरा वाहिली, त्या आपल्या अध्यक्षांनी प्रकृतीच्या कारणास्तव पदभार खाली ठेवण्याचे ठरविले आहे. उन्हातान्हात, पदरचे पैसे मोडून, गावोगाव पायी फिरून त्यांनी केलेले काम आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. त्यांचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही आणि ते फेडण्यासाठी मी येथे उभाही नाही. उद्या सकाळी त्यांच्या जागी नवा अध्यक्ष ठरवावयाचा आहे. तो कसा ठरवावा, एवढ्याच विषयावर मला बोलावयाचे आहे.

काल रात्री चार वडीलधारी मंडळी माझ्या घरी आली होती. ती म्हणाली, "गुरुजी, दोन नावे पुढे आली आहेत. मतदान झाले की दोन तट पडतील. तुम्ही कोणाच्याच बाजूचे नाही. उद्या तुम्ही उठून एक नाव सुचवा. आम्ही टाळ्या वाजवू आणि निवड एकमताने झाली असे जाहीर करू." त्यांचा हेतू शुद्ध होता. फाटाफुटीने पोळलेल्या माणसांनी ताकही फुंकून प्यावे, यात नवल नाही. मी त्यांना विचार करतो असे सांगितले.

आज सकाळी मंडपात शिरताना एका आजींनी मला थांबविले. १९६४ सालच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात त्या आपल्या आईबरोबर तुरुंगात गेल्या होत्या. त्या वेळी त्यांचे लग्नही झालेले नव्हते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, यादीत माझं नाव हाय का?" मी विचारले, "कोणती यादी, आजी?" त्या म्हणाल्या, "मत द्यायची." आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने हसून उत्तर दिले, "आजी, तुम्हाला मत कशाला? तुमचं तर आम्ही ऐकतोच!" आजी काही बोलल्या नाहीत. मी मात्र ती यादी शोधावयास गेलो. कचेरीच्या कपाटात एक वही मिळाली. तिच्यात वर्गणीचे आकडे होते, नावे नव्हती. पैसा कोणी दिला याची नोंद नाही, किती आला याची आहे.

बंधूंनो, त्या वहीने माझा विचार पक्का केला. मी उद्या नाव सुचविणार नाही. का सुचविणार नाही, त्याची कारणे आपणापुढे मांडणे हे माझे कर्तव्य आहे.

मतदान झाले की फूट पडते, अशी समजूत आपल्यात खोल रुजली आहे. ती खरी आहे काय, हे आपल्याच इतिहासाला विचारून पाहू या. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. धम्मदीक्षेला त्या दिवशी दोन महिनेही पुरे झालेले नव्हते. ज्यांनी सर्व समाजाला दृष्टी दिली तेच निघून गेले, तेव्हा घरातला कर्ता गेल्यावर होते तशी चळवळीची अवस्था झाली. तरीही १९५७ च्या निवडणुकीत आपल्या माणसांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात खांद्याला खांदा लावून काम केले आणि दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपूर येथे, बाबासाहेबांनी मनाशी योजिलेला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. एन. शिवराज त्याचे अध्यक्ष झाले व बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे सरचिटणीस झाले. मद्रासचा एक विधिज्ञ नागपुरात स्थापन झालेल्या पक्षाचा अध्यक्ष होतो, ही गोष्ट आज आपण विसरलो आहोत. त्या वेळी आपली दृष्टी जिल्ह्याच्या वेशीपाशी थबकत नव्हती.

पण पुढे काय झाले? दोन वर्षे होतात न होतात तोच पक्ष दुभंगला. एका बाजूस दादासाहेब गायकवाड, दुसऱ्या बाजूस बी. सी. कांबळे. एका गटाला लोक 'दुरुस्त' म्हणू लागले, दुसऱ्याला 'नादुरुस्त'. भूमिहीनांच्या लढ्यासाठी डाव्या पक्षांच्या बरोबर जावे की सनदशीर मार्गाची चौकट काटेकोर पाळावी, हा प्रश्न महत्त्वाचा होता आणि त्यावर प्रामाणिक माणसांत मतभेद होणे स्वाभाविक होते. परंतु तो प्रश्न पक्षाच्या सामान्य सभासदापुढे ठेवून, त्याची मते मोजून, निकाल सर्वांनी शिरोधार्य मानला, असे घडले नाही. शिकलेले आणि न शिकलेले, सूटबूटवाले आणि धोतरवाले, अशी भाषा सुरू झाली. जो वाद मतपेटीत संपावयास हवा होता तो माणसांच्या कपड्यांपर्यंत जाऊन पोहोचला.

१९६४ साली शिवराज निधन पावले आणि दादासाहेबांकडे पक्षाची सूत्रे आली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. पुढील दोन-अडीच महिन्यांत तीन लाखांहून अधिक स्त्रीपुरुष तुरुंगात गेले असे मानले जाते. कार्यक्रम समोर होता तोपर्यंत पुढारी कोण याची चर्चा मागे पडली होती. तो ओसरल्यावर ती पुन्हा डोके वर काढू लागली. आर. डी. भंडारे यांच्यासारखे विद्वान काँग्रेसमध्ये गेले. १९७० साली गायकवाड आणि खोब्रागडे यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९७२ साली तरुणांनी दलित पँथर उभी केली, तिला १९७४ साली तडा गेला. ऐक्य झाले, मोडले. पुन्हा झाले, पुन्हा मोडले. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून निवडून आले. राखीव नसलेल्या चार मतदारसंघांतून एकाच वेळी चार जण! तो दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्यानंतर दीड वर्षात, १९९९ ची निवडणूक येईपर्यंत, ते ऐक्य राहिले नव्हते.

आता मी आपणास विचारतो, यातली कोणती फूट सभासदांनी केलेल्या मतदानामुळे पडली? गावोगावच्या सभासदांची यादी झाली, गुप्त मतदान झाले, मते मोजली आणि हरलेला रागावून निघून गेला, असे एकदा तरी आपण पाहिले आहे काय? मला तसे उदाहरण आठवत नाही. फुटी पडल्या त्या मते मोजल्यामुळे नव्हेत. कोणाच्या मागे किती माणसे आहेत हे मोजण्याचे साधनच आपण कधी निर्माण केले नाही. साधन नसेल तर प्रत्येक पुढाऱ्याला वाटते की समाज आपल्याच मागे आहे, आणि ते खोटे आहे असे सिद्ध करण्याचा मार्ग कोणाजवळच राहत नाही. मग तो आपला स्वतंत्र मेळावा भरवून दाखवितो. आपल्या चळवळीत मेळावे हीच मतपेटी झाली. ज्याच्या मेळाव्याला गाड्या जास्त, तो खरा वारस!

'वारस' हा शब्द मी मुद्दाम वापरला. बाबासाहेबांनी आपला राजकीय वारस नेमला नाही, आणि ही त्यांची राहून गेलेली गोष्ट आहे असे पुष्कळांना वाटते. मला ती त्यांची शिकवण वाटते. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूर येथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. तिचे अध्यक्ष रावबहादूर एन. शिवराज आणि सरचिटणीस पां. ना. राजभोज हे होते. निर्विवाद नेता बाबासाहेब, पण अध्यक्षाची खुर्ची दुसऱ्याची! ज्याच्या शब्दावर लाखो माणसे उभी राहात होती, त्याला ती खुर्ची स्वतःकडे ठेवण्याची गरज भासली नाही. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १९५६ च्या जुलैमध्ये, त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. शरीर थकलेले, दृष्टी अधू झालेली, अशा वेळी त्यांनी एक माणूस शोधला नाही, अनेक माणसे घडविण्याची शाळा काढली. त्या शाळेचे पुढे काय झाले आणि ती आपण का चालविली नाही, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावयाचा आहे.

त्यांचा धोक्याचा इशारा तर सर्वश्रुत आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले की, थोर पुरुषाविषयी कृतज्ञ असावे, परंतु आपले स्वातंत्र्य त्याच्या पायांवर वाहू नये, आणि राजकारणात भक्तीला थारा दिला तर तिचा शेवट हुकूमशाहीत होतो. हा इशारा आपण इतर पक्षांना नेहमी ऐकवितो. तो आपल्याला लागू नाही असे कोणी सांगितले?

याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. संसदीय कामकाजाचे नियम भारताला परके नाहीत, असे त्यांनी म्हटले. बौद्ध भिक्षुसंघ ठराव, गणसंख्या, मतमोजणी, शलाकेने मतदान हे सर्व जाणत होते आणि पाळीत होते. विनयपिटक उघडून पाहिले तर याची साक्ष पटते. संघापुढे प्रस्ताव मांडताना आधी ज्ञप्ती करावी लागे, म्हणजे काय ठरवावयाचे आहे ते सर्वांना ऐकवावे लागे. मग प्रस्ताव एकदा किंवा तीनदा वाचला जाई. मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे लाकडाच्या काड्या, वाटल्या जात आणि बहुमत पाहिले जाई. शलाका गोळा करण्यासाठी एक भिक्षू निवडला जाई. लोभ, द्वेष, मोह आणि भय या चारही गोष्टींनी जो ढळत नाही, तोच त्या कामाला पात्र समजला जाई. गुप्तपणे मत देण्याची रीतही त्या ग्रंथात सांगितलेली आहे. मते मोजणारा कसा असावा, याचा एवढा बारीक विचार अडीच हजार वर्षांपूर्वी झाला होता, आणि आपल्या कपाटात नावांची एक यादी नाही!

भगवान बुद्धांपुढेही वारसाचा प्रश्न आला होता. एकदा नव्हे, दोनदा आला. पहिल्या वेळी देवदत्ताने तो मांडला. भर सभेत उठून तो म्हणाला की, भगवान आता वृद्ध झाले आहेत, त्यांनी विश्रांती घ्यावी आणि संघ माझ्या स्वाधीन करावा. बुद्धांनी ती मागणी धुडकावली. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्यासारख्यांच्या हातीही मी संघ सोपविणार नाही, मग तुझ्या हाती कसा सोपवीन, असा त्या उत्तराचा आशय होता. या उत्तरातील देवदत्ताचा धिक्कार आपण लक्षात ठेवतो. सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे तर सर्वांत योग्य शिष्य होते. त्यांच्याही हाती संघ द्यावयाचा नव्हता, हा त्यातील तत्त्वाचा भाग आपल्या नजरेतून सुटतो.

दुसऱ्या वेळी तो प्रश्न महापरिनिर्वाणानंतर आला. राजगृहात अजातशत्रू राजा तटबंदीची डागडुजी करीत होता, कारण त्याला अवंतीच्या प्रद्योताचे भय वाटत होते. तेथे मगधाचा महामात्य वस्सकार याने आनंदाला विचारले, "तुमच्या गुरूने आपल्यामागे कोणा एका भिक्षूला नेमले आहे काय?" आनंदाने नाही म्हणून सांगितले. "मग संघाने तरी कोणाला नेमले आहे काय?" त्यालाही नकारच आला. महामात्याला आश्चर्य वाटले. आधार नसता तुमच्यात एकी कशी, असे त्याने विचारले. आम्ही आधारहीन नाही, धम्म हा आमचा आधार आहे, असे आनंदाने सांगितले. पण तो एवढ्यावर थांबला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. एकी कशी राहते त्याची रीत त्याने सांगितली. एका गावाच्या परिसरात राहणारे आम्ही सर्व भिक्षू उपोसथाच्या दिवशी एकत्र जमतो, नियम म्हणून दाखवितो, आणि ज्याच्याकडून नियमभंग झाला असेल त्याचा निवाडा नियमाप्रमाणे करतो. मग तुम्ही ज्याचा आदर करता असा एकही भिक्षू तुमच्यात नाही काय, असा पुढचा प्रश्न आला. आनंदाने उत्तर दिले की आहे. ज्याच्या अंगी अमुक गुण दिसतात त्याचा आम्ही आदर करतो व त्याच्या आश्रयाने राहतो.

बंधूंनो, सगळा सिद्धान्त या संवादात आहे. आदर हा गुणाला द्यावयाचा, अधिकार नियमाला द्यावयाचा, आणि दोहोंची गल्लत होऊ द्यावयाची नाही. आनंदाचे "धम्म हाच आधार" हे शब्द आपण तोंडाने म्हणतो. ठरलेल्या दिवशी जमावे, नियम वाचावे, चुकलेल्याला जाब विचारावा, हा त्या शब्दांचा व्यवहार मात्र आपण सोडून दिला. आपल्या शाखेची घटना शेवटची केव्हा वाचली गेली, हे या सभेत कोणी सांगू शकेल काय?

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. नुसत्या मतदानाने एकी राहते काय? देवदत्तानेही वेसालीहून आलेल्या पाचशे नवख्या भिक्षूंना शलाका उचलावयास लावूनच संघात फूट पाडली होती. १९३९ साली काँग्रेसच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्या यांचा दोनशेहून अधिक मतांनी पराभव केला. गांधीजींनी तो स्वतःचा पराभव मानला, कार्यकारिणीच्या बहुतेक सभासदांनी राजीनामे दिले आणि एप्रिल महिन्यात बोस यांना पद सोडावे लागले. मतपेटी होती, मते मोजली गेली, निकालही लागला. परंतु खरी सत्ता मतपेटीच्या बाहेर एका व्यक्तीच्या ठायी होती. निकाल मानण्याची तयारी नसेल तर मतपेटी हे लाकडाचे खोके आहे.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडमधील हुजूर पक्षाचे आहे. या पक्षाशी आपले मत जुळण्याचे कारण नाही, पण रीत कोणाकडूनही शिकावी. १९६५ पर्यंत त्या पक्षाचा नेता मतदानाने ठरत नसे. बडी मंडळी आतल्या आत विचारपूस करीत आणि एक नाव बाहेर येई. १९६३ साली लॉर्ड होम यांचे नाव असेच बाहेर आले व त्यावर पक्षात मोठी नाराजी माजली. म्हणून त्यांनी नियम केला की पक्षाच्या खासदारांनी मतदान करून नेता निवडावा. जुलै १९६५ मध्ये पहिली निवडणूक झाली. एडवर्ड हीथ यांना १५०, रेजिनाल्ड मॉडलिंग यांना १३३ आणि इनॉक पॉवेल यांना १५ मते पडली. नियमाप्रमाणे हीथ यांची आघाडी पुरेशी नव्हती, दुसरी फेरी घेता आली असती. पण मॉडलिंग यांनी माघार घेतली आणि हीथ यांच्या हाताखाली उपनेतेपद स्वीकारले. अवघ्या १७ मतांनी हरलेला माणूस वेगळा पक्ष काढावयास गेला नाही. आणि पुढे १९७५ साली त्याच मतदानाच्या रीतीने हीथ यांचा पराभव होऊन मार्गारेट थॅचर नेत्या झाल्या. ज्या शिडीने चढला त्याच शिडीने उतरावे लागते, हे ज्या पक्षात सर्वांना ठाऊक असते तेथे पुढारी जमिनीवर राहतो.

आपल्या देशात आपल्याच विचाराच्या दुसऱ्या एका पक्षाकडे पाहा. कांशीराम पुण्यात नोकरीस असताना आपल्या चळवळीच्या संपर्कात आले, तिच्या दोषांचा त्यांनी अभ्यास केला आणि १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष स्थापन केला. डिसेंबर २००१ मध्ये लखनौच्या सभेत त्यांनी मायावतींना आपल्या वारस म्हणून जाहीर केले. सप्टेंबर २००३ मध्ये त्या अध्यक्ष झाल्या आणि २००७ मध्ये उत्तर प्रदेशात ४०३ पैकी २०६ जागा जिंकून त्यांनी स्वबळावर सरकार बनविले. म्हणजे वारस नेमण्याच्या पद्धतीने यश येतच नाही, असे मी म्हणत नाही. एका गुणी व्यक्तीने दुसरी गुणी व्यक्ती ओळखली तर येते. पण ही रीत पुढच्या पिढीला पुरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मायावतींनी आपले बंधू आनंदकुमार यांचे चिरंजीव आकाश आनंद यांना वारस ठरविले. मे २०२४ मध्ये ती जबाबदारी काढून घेतली, जूनमध्ये परत दिली, मार्च २०२५ मध्ये त्यांना पक्षातून काढले आणि एप्रिलमध्ये पुन्हा आत घेतले. यात कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, हे मी ठरवीत नाही. या चारही वेळी पक्षाच्या सामान्य सभासदाने काय केले? त्याने दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचले. ज्या समाजाला मताचा अधिकार मिळावा म्हणून साऊथबरो समितीपुढे, गोलमेज परिषदेत आणि घटना समितीत एका माणसाने उभे आयुष्य वेचले, त्या समाजाच्या माणसाला आपल्याच पक्षाचा नेता ठरविताना मत नसावे, याहून मोठी विसंगती कोणती?

ज्यांना अजूनही यादीचे महत्त्व पटत नसेल त्यांनी अलीकडची महाराष्ट्रातील दोन प्रकरणे आठवावीत. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेनेचे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाला दिले. निर्णय कोणाला मान्य, कोणाला अमान्य, तो वाद वेगळा. आपण पाहावयाचे ते हे की, दोन्ही प्रकरणांत पक्षसंघटनेतील बहुमत कोणाकडे आहे हे आयोगाला खात्रीने ठरविता आले नाही. पक्षांतर्गत निवडणुका नीट झालेल्या दिसल्या नाहीत. म्हणून शेवटी आमदार-खासदार कोणाकडे जास्त, तेच मोजले गेले. हयातभर सतरंज्या उचललेल्या लाखो कार्यकर्त्यांचे माप शून्य भरले. ज्यांची नावे नोंदलेली नसतात, त्यांची संख्या कितीही मोठी असली तरी ती हिशेबात धरली जात नाही. आपल्या समाजाला तरी ही गोष्ट नव्याने सांगावी लागू नये. गावाबाहेर राहणाऱ्या, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाची गणती शतकानुशतके कशी झाली, ते आपणास ठाऊक आहे.

म्हणून उद्यासाठी मी नाव सुचवीत नाही, पाच गोष्टी सुचवितो. पहिली, अध्यक्षाची निवड एक महिना पुढे ढकलावी आणि तेवढ्या अवधीत प्रत्येक गावातील सभासदांची नावनिशीवार यादी करून ती त्या त्या बुद्धविहाराच्या भिंतीवर लावावी, म्हणजे ज्याचे नाव राहिले असेल त्याला हरकत घेता येईल. दुसरी, मतदान गुप्त असावे. मालकाच्या शेतावर राबणाऱ्याला, पुढाऱ्याच्या शिफारशीने मुलाला नोकरी लागलेल्याला, हात वर करून खरे मत देता येत नाही. तिसरी, मते मोजण्यासाठी असा मनुष्य निवडावा की ज्याला स्वतःला कोणतेही पद नको आहे. लोभ, द्वेष, मोह, भय ही चार नावे त्याला वाचून दाखवावीत आणि मग त्याच्या हाती पेटी द्यावी. चौथी, अध्यक्षाची मुदत तीन वर्षांची असावी आणि दोन मुदतींनंतर त्याने दुसऱ्याला वाट द्यावी. बावीस वर्षे एकाच माणसाच्या खांद्यावर भार टाकला, हा त्या माणसाचा गौरव आपण समजलो. तो त्यांच्यावर आपण केलेला अन्याय होता, आणि त्यांच्या मागे जी दुसरी फळी तयार झाली नाही तिच्यावरही होता. पाचवी गोष्ट सर्वांत अवघड आहे. जो हरेल त्याला कार्यकारिणीत मानाची जागा द्यावी, आणि जो हरेल त्याने ती घ्यावी. दोन्ही उमेदवारांनी मतदानापूर्वीच, सर्वांसमोर, आपापल्या तोंडाने हे वचन द्यावे. ज्याला हे वचन देता येत नसेल त्याने आपले नाव मागे घ्यावे, कारण त्याला अध्यक्षपद हवे आहे, पक्ष नको आहे.

काल माझ्याकडे आलेल्या वडीलधाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, टाळ्यांनी झालेले एकमत हे एकमत नसते. ज्यांनी टाळ्या वाजविल्या नाहीत त्यांचा आवाज त्या टाळ्यांत बुडतो, एवढेच होते. तो आवाज मरत नाही. तो वर्ष-दोन वर्षांनी दुसऱ्या मंडपातून ऐकू येतो, आणि मग आपण म्हणतो की समाजाला दुहीचा शाप आहे. शाप वगैरे काही नाही. आपण कर्म आणि कारण मानणारे लोक आहोत. ज्या कारणाने दुही उत्पन्न होते ते कारण दूर केले तर दुही उत्पन्न होणार नाही. आपल्या तरुण मित्रालाही मला सांगावयाचे आहे की, "तुमचे आम्ही ऐकतोच" हे वाक्य फार जुने आहे. आपल्या वाडवडिलांना ते पाटलाने ऐकविले, मामलेदाराने ऐकविले, काँग्रेसने ऐकविले. त्या वाक्याला उत्तर म्हणूनच ही चळवळ जन्माला आली. ते आपल्या मंडपात, आपल्याच आजीला ऐकविले जावे, ही मान खाली घालण्यासारखी गोष्ट आहे.

मी येताना बाजारातून एक कोरी वही आणली आहे. ती या टेबलावर ठेवतो. सभा संपल्यावर सभासदांनी एकेक करून पुढे यावे, आपले नाव, वय आणि गाव सांगावे. ज्यांना लिहिता येते त्यांनी स्वतः लिहावे, ज्यांना येत नाही त्यांचे मी लिहीन. पहिले नाव मी कोणाचे लिहिणार, हे आपण ओळखले असेल. आजी, तुम्ही पुढे या.

जय भीम.